कबूल म्हणा, घरी जा!

आमच्या तालुका कोर्टाच्या बाररूममध्ये चार वकील चहाला बसले की किस्से निघतातच. हसून हसून पोट दुखतं. पण काही किस्से सांगताना माझं डोकं अजून फिरतं, आणि ते सगळे एकाच हवालदाराचे!

नामांतराच्या मोर्चातली माणसं जमावबंदी मोडली म्हणून धरून आणली, की हा व्हरांड्यात त्यांची तालीम घ्यायचा. "साहेबांनी इचारलं की 'कबूल' म्हणायचं. कोर्ट उठेपर्यंत बसायचं, मंग घरी!" एकदा गुन्हा कबूल केला की दोषी ठरवल्याविरुद्ध अपील करता येत नाही, हे मात्र तो कुणालाच सांगायचा नाही.

*

मॅजिस्ट्रेट साहेबांनी एका म्हाताऱ्याला नुसतं नाव विचारलं.

"कबूल!"

तालीम इतकी पक्की!

*

दुसऱ्याला साहेबांनी विचारलं, "काय कबूल आहे?"

त्याने हवालदाराकडे बोट दाखवलं. "त्यांनला इचारा की! त्यांनीच लिवलंय."

सगळं कोर्ट हसलं. साहेबही हसले, आणि हसत हसत कबुली लिहून घेतली! मी ज्युनियर. उठून बोलायला हवं होतं, बोललो नाही. त्याची चीड आजही येते.

*

वालूरचा काशिनाथ तर मोर्चात नव्हताच. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत होता, तिथून उचलला. "कबूल म्हण, सहाची गाडी मिळंल."

म्हणाला कबूल. गाडी मिळाली!

पुढे त्याला सरकारी शिपायाची नोकरी लागत होती. पोलीस चौकशीत ही कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा निघाली आणि ऑर्डर अडकली. माझ्याकडे धावत आला, "वकीलसाहेब, अपील टाका." मी कायद्याचं पुस्तक उघडून दाखवलं.

"म्हंजे खरं बोलायची पाळी येकदाच व्हती व्हय?"

नोकरी गेली.

*

काशिनाथची आई कधी मोर्चाला गेलेली नव्हती. पुढच्या मोर्चाला मुद्दाम गेली. तिलाही धरून आणलं.

"मावशी, कबूल म्हणा, लगेच घरी जा," हवालदार म्हणाला.

"गुन्हा कबूल आहे का?" साहेबांनी विचारलं.

मावशीने पदर सावरला. "मोर्चात व्हते, कबूल. घोषणा देल्या, कबूल. इद्यापीठाला नाव मागितलं, तेबी कबूल. ह्यात गुन्हा कोणता, ते दावा. तवर गुन्हा कबूल न्हाई!"

हवालदाराने घाईघाईने मागच्या बाईला पुढे ढकललं.

ती म्हणाली, "माझंबी तेच लिवा."