भोंग्यानंतरचा दीड तास

कोणत्या कलमाखाली, एवढाच माझा प्रश्न होता. आमच्या ग्रामपंचायतीने ठराव केला की रोज संध्याकाळी सात वाजता कार्यालयाच्या छतावरचा भोंगा वाजेल, आणि साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत गावातल्या प्रत्येक घराने टीव्ही व मोबाईल बंद ठेवावा. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे. ठरावात ‘कौटुंबिक जिव्हाळा’ असे शब्द होते. ज्या ग्रामसभेत तो मंजूर झाला म्हणतात, तिची नोटीस आमच्या गल्लीत कोणालाही मिळालेली नव्हती. हजेरीपुस्तक मागितले तर ते कपाटात असून कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे असल्याचे सांगण्यात आले. नागरिकाने स्वतःच्या घरात कोणते यंत्र केव्हा बंद करावे हे ठरवण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला कोणत्या कायद्याने मिळाला, याचे उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही. मी लेखी हरकत घेतली. ग्रामसेवकाने ती स्वीकारली, शिक्का मारून पोहोच दिली, आणि त्याच दिवशी सात वाजता भोंगा वाजला.

मी तालुक्याच्या कोर्टात कारकून होतो. आयुष्यभर कागद हाताळून माझे एक मत पक्के झाले आहे: एखादी संस्था न मागता तुमच्या सुखाची काळजी वाहू लागली, की तिच्या पाठीमागे काय चालले आहे ते आधी पाहावे. आमचे गाव गोदावरीकडून उमापूरच्या दिशेने येणाऱ्या रस्त्यावर आहे. त्या रस्त्याने वाळूचे मोठे टिप्पर जातात. इकडे त्यांना सगळे हायवा म्हणतात. एखाद्याकडे परवाना असतो, बाकीच्यांचे मी सांगत नाही. आता विचार करा. सगळ्या गावाचे मोबाईल रोज दीड तास बंद. मोबाईल बंद म्हणजे फोटो बंद, आणि फोटो नाही तर पुरावा नाही. जिव्हाळ्याचा हा पुळका सरपंचांना एकाएकी का आला, हे मला त्याच क्षणी उमगले, निदान तसे वाटले.

मी दोनशे पानी वही आणली, समासाची रेघ आखली, आणि वेळ, वाहन, दिशा व शेरा असे रकाने पाडून सात वाजता ओट्यावर जाऊन बसलो. माझा मोबाईल मी बंद केला नाही. तो खिशात होता.

घरातल्या इतरांनी मात्र ठराव विनातक्रार पाळला. सुनेने टीव्ही बंद केला आणि ओट्यावर चटई अंथरली. पत्नी हरभऱ्याच्या डहाळ्यांची पेंढी घेऊन सोलायला बसली. चौथीतली नात पाटी-पुस्तक घेऊन माझ्या आणि आजीच्या मध्ये येऊन बसली. शेवटी मुलगा आला आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, खांबाला टेकून, माझ्याकडे पाठ करून बसला.

ही पाठ मला तीन वर्षांपासून परिचित होती. मुलगा गावापासून दूर एका औषधांच्या दुकानात कामाला होता. ते दुकान गिऱ्हाइकाला पावती देत नसे. पावती न देणे हा गैरप्रकार आहे, आणि तो माझ्या मुलाच्या नोकरीच्या ठिकाणी घडतो म्हणून तो गैरप्रकार राहत नाही असे नव्हे. मी संबंधित खात्याकडे सहीनिशी तक्रार केली. चौकशी झाली, दुकानदाराला समज मिळाली, आणि पुढच्या आठवड्यात माझा मुलगा घरी बसला. त्या दिवसापासून तो माझ्याशी थेट बोलला नाही. जे काही असेल ते आईमार्फत. ‘अण्णांना सांग, मोटार जळालीय.’ ‘अण्णांना विचार, आधार कार्ड कुठंय.’ मी तिथेच, पाच हातांवर बसलेलो असे. मीही उत्तर तिच्याकडेच देत असे. एकदा ती वैतागून म्हणाली, “दोघांचं टपाल मी किती दिस वाहू? पोस्टमनला तरी पगार असतोय.”

आता त्याला बीड शहरात काम मिळाले होते. जूनमध्ये, नातीच्या शाळेच्या वेळेला, बायको आणि लेकीला घेऊन तो तिकडे राहायला जाणार होता. ही माहितीही मला टपालानेच कळली होती. त्यांनी जाऊ नये असे मला वाटत होते. त्याहून अधिक, न बोलता जाऊ नये असे वाटत होते. पण हे म्हणायचे कोणाला आणि कसे, याचा नमुना अर्ज माझ्याजवळ नव्हता.

पहिल्या आठवड्यातल्या माझ्या नोंदी मिनिटागणिक आहेत. सात वाजून चार मिनिटे, मोटारसायकल, दोन इसम. सात अकरा, दुधाची गाडी. सात एकोणीस, म्हैस एक, सोबत कोणी नाही. घरच्यांच्या हालचालींवरही माझे लक्ष होते. सून एरवी जेवायच्या वेळीही बोलत नाही, ती मला चहा हवा का म्हणून विचारत होती. नात अभ्यास सोडून माझ्या वहीत डोकावत होती. “आबा, तुमी काय लिहायलाव?” मी सांगितले, वाहने. तिने विचारले, कावून, म्हणजे कशासाठी. मला वाटले, हा प्रश्न तिचा नाही, तिला कोणीतरी पढवून पाठवले आहे. मी खांबाकडे पाहिले. पाठ हलली नाही.

दुसऱ्या आठवड्यात नोंदी विरळ होत गेल्या, आणि त्याला पत्नी जबाबदार आहे. आमचे आणि तिचे, दोन्ही घराणी शेती आणि शेळ्यामेंढ्यांवर जगलेली. माझ्या सासऱ्यांचा मोठा कळप होता. सुगी झाली की ते रिकाम्या वावरांत मेंढ्या बसवत. खतासाठी शेतकरी त्यांना बोलावून नेत. हे मला ठाऊक होते. मला ठाऊक नव्हते ते असे, की लहानपणी ही बाई धर्मापुरीच्या पुढपर्यंत त्या कळपामागे पायी गेली होती, अंधारात मेंढी नुसत्या खोकल्यावरून ओळखत असे, आणि एकदा चुकून दुसऱ्याच्या कळपातली मेंढी आपली म्हणून घेऊन आल्यावर तिच्या बापाने तिला सहा कोस मागे ती परत करायला पाठवले होते. हे सगळे ती नातीला सांगत होती, बोटे डहाळ्यांवर चालवत, अजिबात घाई न करता. मेंढी परत केली का, नातीने विचारले. केली, पण तिथे जेवायला बसवले, मग पाऊस आला, मग दोन दिवस तिथेच राहिले, असे ते लांबत गेले. आमच्या लग्नाला चाळीस वर्षे होऊन गेली. मी हे पहिल्यांदा ऐकत होतो. मला सरळ संशय आला की ती रचून सांगते आहे. उलटतपासणी म्हणून मी विचारले, त्या मेंढीचा रंग कोणता होता. ती म्हणाली, “काळी, एका कानाला दोरा. तुमी कधी इचारलंच न्हाई.”

त्या संध्याकाळच्या पानावर सात बावीस ते आठ दहा या वेळेत एकही नोंद नाही. रस्त्याने काही गेले नसेल असे नाही. मी पाहिले नव्हते. अशी वही न्यायालयात एक दिवस टिकत नाही.

सहा आठवड्यांनी मी वही पहिल्या पानापासून तपासली. भोंग्याच्या वेळेत एकही हायवा गेलेला नव्हता. हायवा पूर्वीप्रमाणेच पहाटे जात होते, आणि पहाटे बंद करायला कोणाचे मोबाईल चालूच नसतात. माझा तर्क चुकला होता. पारावर सरपंच भेटले. माझ्या मुलापेक्षाही वयाने लहान माणूस. चारचौघांत म्हणाले, “काका, हायवा मोजताय म्हणं? सात ते साडेआठ त्यांचीबी जेवायची वेळ असती.” लोक हसले. मी पहाटेच्या वाहतुकीविषयी स्वतंत्र अर्ज केला आहे, त्याची पोहोच माझ्याकडे आहे, आणि ग्रामसभेच्या नोटिशीविषयीचा माझा आक्षेप कायम आहे. परंतु दुसऱ्या दिवशी सात वाजता मला ओट्यावर जाऊन बसण्याचे कोणतेही कारण उरले नव्हते, आणि मी साडेसहालाच जाऊन बसलो. वही नेली, कारण रिकाम्या हाताने बसलो असतो तर घरच्यांना शंका आली असती.

मे महिना अर्धा सरला. सुनेने भांडी पोत्यात बांधायला सुरुवात केली. मी तीन दिवस खपून मुलाला एक पत्र लिहिले. वर दिनांक, मग विषय, मग संदर्भ. तक्रार करणे हे माझे कर्तव्य कसे होते हे पहिल्या परिच्छेदात मांडले. शहरात लेकराची आबाळ होते, गावची शाळा बरी आहे, इथून जाण्यायेण्याला बस आहे, हे दुसऱ्या परिच्छेदात मांडले. तिसऱ्यात विनंती केली. पत्र पाकिटात घातले आणि भोंगा वाजून सगळे बसले तेव्हा उठून खांबापाशी गेलो आणि ते त्याच्यापुढे धरले.

त्याने पाकीट हातात घेतले. त्यावर मी त्याचे पूर्ण नाव आणि आपल्याच घराचा पत्ता लिहिला होता. त्याने ते उलटसुलट पाहिले, उघडले नाही, माझ्या हातात परत दिले आणि तीन वर्षांत प्रथमच माझ्याकडे पाहून बोलला.

“अण्णा, मी काय हापिस हाय का? तोंडानं बोला की.”

पत्नीचे हात थांबले. मी म्हणालो, तक्रार खरी होती. तो म्हणाला, खरी होती हे त्यालाही ठाऊक आहे. पावत्या न देण्याचा त्यालाही राग होताच. “पर तुमची सही मी मालकाच्या हातातल्या कागदावर बघितली. सगळ्या गिऱ्हाइकांपुढं. तुमी मला घरात एक शब्द बोलला न्हाईत.”

“सांगितले असते तर?”

“तर नको म्हणलो असतो.”

“म्हणूनच सांगितले नाही,” मी म्हणालो. हे खरे होते, आणि बोलून होताच ते किती वाईट होते हे मला ऐकू आले. मी उभाच होतो. पत्रातला पहिला परिच्छेद मला तोंडपाठ होता, पण तो म्हणावासा वाटेना. मी म्हणालो, त्या अर्जाच्या खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून तीन अधिकाऱ्यांची पदे होती, त्यांत सगळ्यात वर तुझे नाव हवे होते. ही माझी चूक झाली.

सुनेने पदर तोंडाला लावला. ती हसते आहे की रडते आहे हे मला कळले नाही. मुलगा सरकला आणि खांबाजवळ जागा केली. मी बसलो. जाऊ नका, असे मी म्हणालो. ते एकदाच म्हणालो. तो म्हणाला, जावे लागेल, रोज इथून येणेजाणे केले तर त्यातच दिवस संपेल आणि लेक झोपल्यावर घरी पोहोचण्यात काय अर्थ आहे. त्याचे म्हणणे रास्त होते. जूनमध्ये ते गेले.

पण त्याआधी, दुसऱ्याच दिवशी सात वाजता, तो बीडच्या घराचा भाडेकरार घेऊन ओट्यावर आला. सही करायच्या आधी तुमी बघा, म्हणाला. अकरा महिन्यांचा करार, दोन पाने. मी चष्मा पुसला आणि पहिले कलम मोठ्याने वाचले, तसे सगळ्यांनी ऐकले. सातव्या कलमात घरमालकाने स्वतःकडे असा अधिकार घेतला होता की कोणतेही कारण न देता आठ दिवसांत घर रिकामे करून घ्यावे. मी म्हणालो, यावर सही करायची नाही. दुरुस्तीचा मजकूर मी सांगत गेलो आणि तो लिहीत गेला. एक शब्द मी तीनदा बदलला, तरी तो चिडला नाही. नात शेजारी बसून प्रत्येक कलमाला आकडा लिहीत होती. पत्नीने विचारले, घराला अंगण आहे का. करारात अंगणाचा उल्लेख नव्हता. मी तोही घालायला लावला.

दोन पाने वाचायला आम्हांला चार संध्याकाळी लागल्या. घाई करावी असा त्यात काही मजकूर नव्हता, आणि सावकाश वाचण्याचा अधिकार मला बत्तीस वर्षांच्या नोकरीने दिलेला आहे. चौथ्या दिवशी सगळे संपले होते. फक्त मालकाने आणि भाडेकरूने कोणत्या दुरुस्त्या कराव्यात ते एक कलम उरले होते, आणि ते इतके स्पष्ट होते की नातीलाही समजले असते. मुलाने पेन्सिल कानावर ठेवली, करार माझ्याकडे सरकवला आणि विचारले, “अण्णा, किरकोळ दुरुस्ती म्हंजे नेमकं काय?”

जो माणूस तीन वर्षे घरातली मोटार, पंखा, नळ सगळे स्वतः दुरुस्त करत आला, त्याला किरकोळ दुरुस्ती म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, यावर माझा विश्वास नाही. तो मुद्दाम विचारत होता असा माझा दाट संशय आहे. मी नळाच्या वायसरपासून सुरुवात केली.