मारवेलचे ठोंब

आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला आत्या बेसिनपाशी फिरकू देत नसे. "पाव्हणं, हात इकडं धुवा," म्हणत ती त्याला थेट बाल्कनीत न्यायची आणि फुटक्या टबांत लावलेल्या गवतावर त्याला हात धरायला लावून तांब्याने पाणी सोडायची. साबण मागितला तर मिळत नसे. माझा मेहुणा बँकेत मोठा साहेब. त्यालाही तिने जेवणाआधी आणि जेवणानंतर असं दोनदा तिथं उभं केलं. तेव्हा बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, खुलताबादजवळच्या एका गावात दिलेली. नवरा लवकर गेला. शेत पुतण्यांच्या नावावर, पण गुरं तिची. टबांतलं ते गवत म्हणजे मारवेल; ते कुणी पेरत नाही, बांधावर आपसूक येतं, आणि गुरं बाकीचा चारा सोडून आधी त्यालाच तोंड लावतात. एका वर्षीच्या दुष्काळात गावच्या भुकेल्या जनावरांनी ते मुळासकट ओरबाडलं. आत्याने आपल्या दोन गायी आणि म्हैस गोदाकाठी लेकीकडे पाठवल्या, उरलेसुरले मुळ्यांचे ठोंब ओल्या पोत्यात गुंडाळले आणि शहरात लष्करी छावणीपलीकडच्या आमच्या फ्लॅटवर येऊन थडकली. "ठोंब जगलं तर गुरं घरी येतील. नायतर दावण मोडली समज," असं तिने दारातच सांगितलं.

आमच्या नळाला पाणी आठवड्याने यायचं, तेही धड नाही. तांदळाचं, भाजीचं, डाळीचं, सगळं धुणवणी बाल्कनीत जायचं. आत्या "झाली माझी अंघोळ" म्हणून बाहेर यायची आणि न्हाणीघराची फरशी कोरडीठाक असायची. बायको कुरकुरली तर म्हणायची, "मी काय कलेक्टरीण हाय व्हय, रोज अंगावर पाणी घ्यायला?" लेकीला फोन लावून दिला की पहिला प्रश्न, "तांबडी रवंथ करती का?" पलीकडून लेक ओरडायची, "माय, मी कशी हाय ते तर इचार!"

वैशाखात एक टब पिवळा पडला. आत्या काडी मोडायची आणि कानाशी धरायची. ओली काडी आवाज करत नाही, मेलेली वाजते. त्या दिवशी काडी वाजली. "लई वाईट आवाज हाय रे," ती म्हणाली आणि जेवायला उठलीच नाही. पदर पसरून ती टबावर सावली धरून बसली. एरवी धुसफुसणाऱ्या माझ्या बायकोने प्यायच्या पाण्याचा तांब्या आणून तिच्या हातात दिला. मलाही भीती वाटायला लागली होती. ऑफिसात फाइल उघडली तरी डोळ्यांपुढे ते पिवळं पातं यायचं.

तो टब गेला, बाकीचे तगले. पाऊस झाल्यावर ठोंब गाडीत घालून आम्ही तिच्या गावी गेलो. आत्या एकेक ठोंब हाताने फाडायची, बांधात खोचायची आणि टाचेने दाबायची. दिवाळीच्या सुमारास गुरं घरी आली. तिच्या फोनवरच्या आवाजात पहिल्यांदाच घाई नव्हती.

पुढे शहरच तिच्या गावाकडे सरकत गेलं. पुतण्यांनी शेत प्लॉटिंगवाल्याला दिलं. बांधावर मशीन फिरायच्या आधी आत्याने ठोंब उपटले आणि तसंच ओलं पोतं घेऊन पुन्हा आमच्या दारात उभी राहिली. गुरांचं विचारलं तर खाली बघत म्हणाली, "इकली." मग पोतं पुढे सरकवून तिने विचारलं, "सांग लेका, आता हे कुठं लावू?"

"बाल्कनीत लाव की. मागं जगलंच होतं," मी म्हणालो.

"जगंल रे. पण खायील कोण?"

तरी तिने टब भरले. त्या हिवाळ्यात आत्या गेली.

मारवेल मात्र फोफावलंय. श्रावण सरता सरता तुरे येतात, कापणीची वेळ होते आणि माझ्या जिवाची तगमग सुरू होते. यंदा मी वॉचमनला विचारलं, "इथं जवळपास कुणाकडे म्हैस आहे का?" तो हसला. मी विळा हातात घेऊन तसाच उभा राहिलो.