बारा मासे हजर

बातमीदाराकडे दोन गठ्ठे जमतात. एक छापलेल्या बातम्यांचा. त्याची दोन पावसाळ्यांत माती होते. दुसरा न छापलेल्यांचा. त्याला वाळवीसुद्धा लागत नाही! चार मित्र जमले की हाच गठ्ठा सुटतो, आणि परभणीत तो सुटला की कोणीतरी हमखास म्हणतं, "ते साहेबाच्या माशांचं होऊ द्या."

तर होऊ द्या. त्या साहेबांविषयी आदर बाळगण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. जमलं नाही.

* * *

हैद्राबाद राज्य मोडलं आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेव्हाची गोष्ट. आम्हाला कारभार शिकवायला तिकडून नवे साहेब लोक येऊ लागले. त्यातले एक आमच्याकडच्या एका मोठ्या खात्यावर आले. खात्याचं नाव सांगत नाही. साहेब गेले, खातं अजून जिवंत आहे!

हे साहेब येताना पुस्तकं आणतील, नकाशे आणतील, असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी आणली काचेची एक पेटी. स्टेशनवरून ती भुशात बसवून बैलगाडीतून बंगल्यावर गेली. मागच्या गाडीत पितळी घागर, घागरीत बारा सोनेरी मासे. साहेब त्यांना "जपानी" म्हणायचे. पेटी दिवाणखान्यात खिडकीशी मांडली, विहिरीचं ताजं पाणी काठोकाठ भरलं, आणि त्याच घटकेला मासे आत सोडले.

मासे सांभाळायला माणूस हवा. कचेरीत रांजण भरायला गंगाराम नावाचा एक हंगामी माणूस होता. दुधना नदीच्या काठचा, जातीनं भोई. साहेबांनी त्याला बोलावलं.

"भोई ना तू? मग माशांची देखभाल तुझ्याकडे."

गंगारामनं डोकं खाजवलं. "साहेब, आमी मासे धरतो. पाळत न्हाई."

"आता पाळायचे! मासे जगले तर नोकरी कायम. मेले तर घरी."

अशी नेमणूक मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. माणसाची नोकरी बारा माशांच्या श्वासाला टांगलेली! गंगाराम एवढंच म्हणाला, "मग साहेब, चार रोज थांबायचं हुतं. नव्या माठातलं पानी आपुन तरी लगीच पितो का?"

साहेबांनी ऐकलं नाही. साहेबांचं काम सांगण्याचं होतं.

* * *

कचेरीत कोणाला कळायचं राहिलं नाही की साहेबांच्या मर्जीचा रस्ता त्या काचेच्या हौदातून जातो. मग काय! जो तो बंगल्यावर येताना माशांसाठी काहीतरी घेऊन यायचा. एकानं शेव आणली, एकानं बुंदी. एक ओव्हरसियर तर बायकोकडून मुद्दाम शिरा करून घेऊन आला. हौदाचं पाणी चार दिवसांत ताकासारखं झालं. अंगावर दुपारपर्यंत ऊन, पोटात शिरा! मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले.

बाईसाहेबांना भरून आलं. "बघा हो, किती लाघवी! आता तोंड वर करून खाऊ मागतात!"

गंगाराम दारात उभा होता. म्हणाला, "मागत न्हाईत बाईसाहेब. दम लागलाय त्यायला."

"तुला काय कळतंय माशांतलं!" असं म्हणून बाईसाहेबांनी मूठभर शेव आणखी सोडली.

* * *

दुसऱ्या आठवड्यात माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. शेपट्यांना कापूस चिकटावा तशी बुरशी धरली. साहेबांनी ताबडतोब उपाय केला. काय उपाय? रजिस्टर घातलं!

हुकूम निघाला: रोज सकाळी आठ वाजता माशांची हजेरी घ्यावी. हे काम आलं पेशकार करीमसाहेबांकडे. पेशकार म्हणजे कचेरीतले वडील कारकून; निजामी अमदानीत उर्दूत दफ्तर लिहिण्यात हयात गेलेली. बिचारे रोज सकाळी शेरवानीची बटणं लावून हौदासमोर बसायचे. मासे काही रांगेत उभे राहत नाहीत. एकच मासा तीनदा मोजला जायचा. शेवटी त्यांनी दोन कारकून दोन बाजूंना बसवले आणि मग लिहिलं, "बारा अदद माही हाजिर." माही म्हणजे मासा.

एके दिवशी अकराच भरले. करीमसाहेबांनी इमानानं लिहिलं, "एक माही गैरहाजिर. सबब मालूम नाही."

साहेब कडाडले, "गैरहजर? खुलासा मागवा!"

मासा हौदात शोभेला ठेवलेल्या शिंपल्यामागं होता. तासाभरानं बाहेर आला. खुलासा मात्र गंगारामला द्यावा लागला.

पण एक गोष्ट गंगारामनं त्या दिवशी हेरली. साहेब रोज रजिस्टर पाहत, सही करत. हौद पाहत नसत.

* * *

आता खरा संताप येतो तो किस्सा. त्या दिवसांत झरीकडे बैलांना घटसर्प लागला होता. गावची माणसं ढोरांच्या दवाखान्याच्या ओट्यावर सकाळपासून बसून होती, डॉक्टरला गावात न्यायला. डॉक्टर कुठं? बंगल्यावर, माशांना तपासायला!

हौदाभोवती दोन फेऱ्या मारून डॉक्टरांनी विचारलं, "पेशंटचं वजन किती?"

करीमसाहेब म्हणाले, "होगा तोळाभर."

डॉक्टर गडबडले. "माझ्याकडं सगळ्यात हलका डोस वासराचा आहे!"

"द्या की मग," साहेब म्हणाले. "आजार मोठा आहे."

गंगाराम मधे पडला. "साहेब, चिमूटभर खडेमीठ टाका, निम्मं पानी बदला, अन् ऊन बंद करा. दवा नगं." त्याला बाहेर घालवलं. डॉक्टरांनी खुरांना लावायची लाल दवा पाण्यात ओतली. हौद जांभळासारखा झाला. तिकडं झरीला पाच घरचे बैल गेले.

मी गप्प बसणाऱ्यातला नव्हे. आमच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर छापलं: "झरीत बैल मरतात, डॉक्टर माशांची नाडी पाहतात!" त्याच सकाळी बंगल्याच्या माळ्याकडून कळलं होतं की बारापैकी नऊ मासे उताणे झाले. तेही टाकलं.

तिसऱ्या दिवशी साहेबांचा खुलासा आला: "सदर वृत्त खोडसाळ आहे. मासे सुखरूप असून बाराच्या बारा हजर आहेत. सोबत रजिस्टराचा उतारा."

* * *

माझं डोकं फिरलं. मी तडक बंगल्यावर गेलो. साहेब कचेरीत होते. हौदात डोकावलो तर खरंच बारा मासे! पाणी स्वच्छ, हौद खिडकीपासून सरकवलेला, मासे तुकतुकीत. फक्त तीन सोनेरी. बाकीचे नऊ चांदीसारखे पांढरे.

"गंगाराम, हे काय?"

"दवानं रंग गेला, भाऊ." डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला!

मी मागच्या दारी गेलो. पेरूच्या फांदीवर ओलं जाळं वाळत होतं. मी नुसतं त्याच्याकडं बोट केलं. गंगाराम खाली बसला.

"नऊच्या नऊ मेले भाऊ, पहाटं. सायकल घेतली अन् दुधना गाठली. आठच्या आत हजेरी भरायची हुती."

असा मालमसाला बातमीदाराच्या हाती जन्मात एकदा येतो. मी म्हणालो, "छापतो!"

"छापा की. न्हाई कोन म्हनतंय? पर माज्या कायमच्या कागदावर सई झाल्यावर छापा." मग हळूच म्हणाला, "उन्हाळ्यात दुधना आटती भाऊ. नोकरी आटत न्हाई."

मी घरी आलो आणि साहेबांचा तो खुलासा जसाच्या तसा छापला. माझ्या लेखणीनं एवढी नामुष्की पुन्हा पाहिली नाही.

आणि ढोरांचे डॉक्टर? ते गावभर सांगत सुटले, "रंग गेला, पण जीव वाचवला!"

* * *

उरलेले तीन सोनेरीही महिन्याभरात गेले. जसा एक जाई, तसा दुधनेतून दुसरा येई. नदीचे मासे त्या हौदात असे रमले की विचारू नका. गंगाराम रांजणात मुरवलेलं पाणी घालायचा, ते सुद्धा निम्मंच बदलायचा. शेव-शिरा पाहुण्यांकडून हात जोडून घ्यायचा आणि मागच्या दारी कोंबड्यांना टाकायचा.

एकदाच चुकला. एका सकाळी त्याला अकराच दिसले. घाईनं नदीवर जाऊन हाताला लागला तो मासा आणून टाकला. आठ वाजता करीमसाहेब मोजायला बसले. मोजलं, पुन्हा मोजलं, चष्मा पुसून पुन्हा मोजलं. मग धावत साहेबांकडं.

"हुजूर, गजब झाला! एक माही जियादा!"

बारावा शिंपल्यामागं होता!

डॉक्टर येऊन गेल्यापासून साहेब त्या दिवशी प्रथमच स्वतः हौदापाशी आले. गंगारामचा चेहरा उतरला. मी तिथंच होतो. मला वाटलं, संपलं. साहेबांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग टाळी वाजवली.

"अहो, ऐकलंत का? पिल्लू झालं!"

बाईसाहेबांनी कचेरीभर पेढे वाटले. मलाही मिळाला. पिल्लू त्याच्या आईबापांपेक्षा वीतभर लांब होतं. आणि पिल्लाला मिशा होत्या!

त्या मिशाळ पिल्लानं भाऊबंदांवर डोळा ठेवलेला पाहून गंगारामनं ते दुसऱ्या दिवशी नदीत नेऊन सोडलं. करीमसाहेबांनी लिहिलं, "पिल्लू दगावलं. बारा हाजिर." बाईसाहेब दिवसभर जेवल्या नाहीत.

* * *

एवढं होऊनही गंगारामचा कागद साहेबांच्या टेबलावर तसाच. विचारलं की म्हणायचे, "पावसाळा निघू दे." पावसाळा निघाला. "हिवाळा माशांना वाईट असतो म्हणतात." हिवाळाही निघाला. मग साहेबांना बढती मिळाली, नाशिकला. मिळणारच!

स्टेशनवर हार-तुरे झाले. हौद पुन्हा भुशात, मासे पुन्हा घागरीत. करीमसाहेब गंगारामचा कागद आणि दौत-टाक घेऊन म्हातारपणी डब्याबरोबर पळाले. "हुजूर, एक दस्तखत!" साहेबांनी खिडकीतून हात बाहेर काढला, आणि हमालानं पुढं केलेल्या हौदाच्या पार्सलाच्या पावतीवर सही केली. गाडी निघून गेली.

नव्या साहेबांनी आठवड्यात निकाल लावला. "हौद गेला, मग हौदाचा माणूस कशाला?"

गंगाराम जाळं खांद्यावर टाकून दुधनेवर परत गेला. मी पहिल्या पानासाठी लेख लिहायला घेतला. आता कोणाच्या कागदाची भीड नव्हती.

लेख निम्मा झाला असेल नसेल, नाशिकहून कचेरीत पत्र आलं. जुने साहेब आता नव्या साहेबांच्याही वरचे साहेब. पत्र त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं: "मासे आजारी आहेत. तीन दगावले. बाकीचे खात नाहीत. जातीचे जपानी असले तरी त्यांना परभणीचंच पाणी मानवलेलं दिसतं. मंत्रिमहोदय पाहायला येणार आहेत. गंगारामला तातडीनं पाठवावे."

कचेरीची जीप दुधनेकडं धावली. करीमसाहेब पुढं, मी मागं. लेख खिशात होता.

गंगाराम गुडघाभर पाण्यात उभा होता. करीमसाहेबांनी काठावरूनच पत्र वाचून दाखवलं. त्यानं जाळं ओढता ओढता विचारलं, "किती मेले?"

"तीन! चल, बैठ जीपमध्ये!"

"पेशकारसाहेब, मी जायलोय ते हंगामी म्हनून का कायम म्हनून?"

"अरे, पहले चल तो सही!"

"आधी कागद."

जीप रिकामी परत गेली. ऊन कलायच्या आत कागद घेऊन आली. नव्या साहेबांची सही, शिक्का, सगळं. गंगारामनं तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, घडी करून पानाच्या चंचीत घातला, आणि म्हणाला, "थांबा वाईच." पुन्हा नदीत उतरला.

संध्याकाळच्या मनमाडच्या गाडीला त्याला पोचवायला आम्ही गेलो. डब्याच्या दारात तो घागर मांडीशी धरून बसला होता. घागरीचं तोंड ओल्या फडक्यानं बांधलेलं. आत काहीतरी चुळूक चुळूक वाजत होतं.

करीमसाहेबांनी वाकून कान लावला. मग चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. "घागर में क्या है रे?"

गंगाराम म्हणाला, "औषध हाय, पेशकारसाहेब. तीन डोस."