ओठ हलेपर्यंत

“जीबीएस आहे,” नाशिकच्या रुग्णालयात डॉक्टरांनी सांगितले. जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि पायांपासून वरपर्यंत स्नायू निकामी होत जातात. “चढेल तितके चढेल, मग उतरेल. बरे व्हाल, पण वेळ लागेल.”

चार दिवस मी वाया घालवले होते, हे येथे नोंदवतो. पिंपळगावला आमची द्राक्षबाग आहे. छाटणीनंतर काड्यांना औषध लावताना बोटांना मुंग्या आल्या, तर आमच्याकडे कोणी त्याला आजार मानत नाही. पाय बधिर झाले तेव्हाही मी औषधालाच दोष दिला. आपण ही चूक करू नये.

रुग्णालयातल्या तिसऱ्या दिवशी श्वास अडला. तोंडातून नळी घालून व्हेंटिलेटर, म्हणजे श्वास देणारे यंत्र, लावले. मग चेहराही गेला. पापण्या मिटत नसत; सिस्टर त्या चिकटपट्टीने बंद करीत. पट्टी काढली की छताचा तोच चौकोन. शुद्ध मात्र पूर्ण होती. पाठीला खाज सुटली, तर ती आपोआप जाईपर्यंत सोसावी लागे.

पत्नी सुमन रोज दहा मिनिटे भेटीला येई. तिचे कान बारा वर्षांपूर्वी गेले. तिला वाचता येत नाही. ती ओठ पाहून बोलणे ओळखते. अतिदक्षता विभागात सर्वांच्या तोंडाला मास्क आणि माझ्या तोंडात नळी.

एके दिवशी पुतण्या अनिल कानाशी म्हणाला, “नाना, काकू जेवत नाय. तुम्ही बरे होणार, हे मास्क काढून लय वेळा सांगितलं. म्हणती, ‘तू माझी समजूत काढतो. त्यांनी सांगू दे.’”

त्या दिवशी मला काम मिळाले.

डॉक्टरांनी ट्रेकिऑस्टॉमी सुचवली होती, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून नळी तेथून घालणे. “आवाज निघणार नाही, पण तोंड मोकळे होईल.” भीतीने मी डोळे खाली करून नकार दिला होता. आता डोळे वर करून होकार दिला.

तोंड मोकळे झाले, पण ओठ हलेनात. फिजिओथेरपिस्ट बाई हातापायांचे व्यायाम घेत. मी दिवसभर ओठ मिटण्याचा प्रयत्न करी. ‘मी’ म्हणायला ओठ मिटावे लागतात, ‘बरा’ म्हणायलाही. नऊ दिवस काही घडले नाही. दहाव्या दिवशी डावा कोपरा थरथरला. सोळाव्या दिवशी ओठ टेकले.

त्या भेटीत मी आवाजाविना म्हणालो, मी बरा होणार. जेवून घे.

सुमन वाकली. “परत म्हणा.”

पुन्हा म्हणालो. तिने पदराने डोळे पुसले आणि साऱ्या विभागाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बरे होणार ना? मग आधी दाढी करून घ्या. ओळखू येईना माणूस!” नंतर पुन्हा माझ्या ओठांकडे पाहिले. “सिस्टर, यांच्या डाव्या टाचेखाली उशी द्या. किती दिवस दुखतंय म्हणतात.”

तेथून पुढे माझे बोलणे डॉक्टरांना तीच सांगू लागली.

आता मी काठी घेऊन बागेच्या बांधापर्यंत जातो. हातात कात्री अजून टिकत नाही. डॉक्टरांचा आणि सिस्टरांचा मी ऋणी आहे. जे आज असे पडून असतील, त्यांना एवढेच सांगतो: उठून चालण्याचा दिवस फार दूर दिसतो. पडल्या जागी करता येईल आणि कोणाला तरी हवे असेल, असे एक काम शोधा.

ओठ टेकले त्या दिवशी संध्याकाळी सुमनने रुग्णालयाच्या पायरीवर बसून दोन भाकरी खाल्ल्या, असे अनिलने येऊन सांगितले. मी छताचा चौकोन पाहत पडलो होतो. प्रथमच त्याचा राग आला नाही.