मुकादमाचं पाणी

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत झाडांवर औषध फवारलं, की मला गेल्या वर्षीचं कात्रजजवळचं मेथीचं शेत आठवतं. शेतावर मजूर पुरवणारा मुकादम त्या मजुरांना नीट वागवतो का, हे पाहून त्याला प्रमाणपत्र द्यायचं की नाही, ते मी ठरवणार होते. त्याने मला बाटलीबंद पाणी दिलं. मजूर बायका मात्र बांधावरच्या निळ्या कॅनमधलं पीत होत्या. "मलाही तेच द्या," मी हळूच म्हणाले. ग्लास तोंडाशी नेला तोच उग्र वास आला आणि पाणी देणाऱ्या बाईने माझा हात धरला. "नका पिऊ, ताई. फवारणीच्या औषधाचा कॅन हाय. कितीबी धुतला तरी वास जात नाय." जुड्या बांधणाऱ्या सगळ्यांचे हात थांबले. मुकादम हसला. "पाहुणीची लई काळजी गं तुला! उद्यापासून घरीच बस." रिक्षावाल्याला 'थांबा' म्हणतानाही माझा आवाज फुटत नाही, पण तेव्हा म्हणाले, "मी न कळवता पुन्हा येणार आहे. या दिसल्या नाहीत, तर प्रमाणपत्र विसरा." "अहो मॅडम, गंमत केली!" तो म्हणाला; नजर मात्र तिच्यावरच होती. पुढच्या खेपेला तिथे पाण्याचे नवे माठ होते आणि ती कामावर होती. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. आता त्याचं सगळं नियमात बसतं, तरी अजून सही करायला माझा हात धजत नाही. प्रमाणपत्र हाती पडलं, की तो सगळ्यात आधी तिला कामावरून काढेल.