कंबरेचं दुखणं

दुकानाच्या मागच्या दाराशी काकू चहाचे दोन कप घेऊन थबकल्या, कारण आत जुंपली होती. एक आवाज त्यांच्या नवऱ्याचा, म्हणजे गल्लीतल्या टेलरकाकांचा. दुसरा काकूंच्या धाकट्या भावाचा. तो दवाखान्यात कंपाउंडर होता.

"दाजी, तासाभरात चारदा उठलात. रक्ताची साधी तपासणी असते, करून टाका."

"वय झालं की व्हायचंच. मशीनसुद्धा जुनं झालं की गळतं."

"मग मशीन उघडून बघता ना तुम्ही?"

"हे बघ, ताईला यातलं एक अक्षर बोललास, तर पुन्हा या दुकानाची पायरी चढू नकोस!"

काकू मुद्दाम खोकल्या. कप ठेवत त्या म्हणाल्या, "साखर जरा बेताचीच आहे हं." दोघांनी गार झालेला चहा संपवला.

अख्ख्या गल्लीच्या कंबरा बिनदिक्कत मोजणारा हा माणूस, पण स्वतःच्या कंबरेखालचं काही निघालं की लाजून चूर. आपण विषय काढला तर यांना मेल्याहून मेल्यासारखं होईल, असं काकूंना वाटलं. म्हणून त्या गप्प बसल्या. चांगली दोन वर्षं.

मग एके सकाळी लघवीतून रक्त गेलं आणि काकांनी आपण होऊन मेव्हण्याला गाठलं. प्रोस्टेटचा कॅन्सर. ऑपरेशनची वेळ गेली होती. डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं, रोज एकदा, रविवार सोडून पस्तीस वेळा. काकांनी काकूंना मात्र सांगितलं, "कंबर धरलीये गं. शेकायला जातो."

तिथे तासभर आधी भरपूर पाणी पिऊन लघवी अडवून धरायची. ज्याला दहा मिनिटं दम निघत नव्हता, त्याला हे फर्मान! मग टेबलावर निपचित पडायचं. यंत्र भोवती फिरायचं, पण ना चटका, ना कळ. किरण नेमके कुठे सोडायचे त्यासाठी ओटीपोटावर आणि दोन्ही कुशींवर जांभळ्या शाईच्या फुल्या काढल्या होत्या. काकांना त्याचं भारी कौतुक. कापडावर खडू मारतात, तसाच हा प्रकार.

नवव्या दिवशी ते थकून पालथे झोपले होते. कंबर दुखतेय म्हणाले होते ना? काकूंनी तेल कोमट केलं आणि चांगलं रगडून चोळलं, पार कुशींपर्यंत. जांभळे डाग दिसले, तेही पदराने घासून काढले. दुकानातली शाई लागली असेल, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी काका परत आले ते धुमसतच.

"कुणी सांगितलं होतं तेल चोळायला? किरणांच्या खुणा गेल्या! आता पुन्हा सगळं माप घेणार. दोन दिवस फुकट!"

"कंबर दुखते म्हणून कुणी सांगितलं होतं?"

काकांनी पाठ फिरवून सदरा खुंटीला अडकवला.

"अहो, तुमचं ते सारखं उठणं मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी दाराआड मीच उभी होते."

काका खाटेवर टेकले. म्हणाले, "मग बोलली का नाहीस गं?"

दोन दिवसांचा राग काढणाऱ्या माणसाने दोन वर्षांबद्दल एवढंच विचारलं, हे काकूंना जन्मभर टोचत राहिलं.

पस्तीसही वेळा पार पडल्या. उरलेल्या दिवसांत काकू सोबत जायच्या. पाण्याची बाटली त्यांच्या हातात आणि तोंडात "धरा, धरा, अजून दहाच मिनिटं." दवाखान्यातल्या बाकावर दोघं आयुष्यात हसली नव्हती इतकी हसली. किरणांनी आपलं काम चोख केलं, असं डॉक्टर म्हणाले. पण थोडा आजार त्याआधीच हाडांत जाऊन बसला होता. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर, असं ते म्हणाले नाहीत. काकूंना ते ऐकू आलंच.

वर्षभराने काकांनी शेवटची पॅन्ट शिवली, पलीकडच्या रस्त्यावरच्या शाळामास्तरांची. आता सायकल झेपत नव्हती, पायीच पोचवायची होती. त्यांनी दुमड तपासली, पॅन्ट वर्तमानपत्रात गुंडाळून बांधली आणि दोरा दाताने तोडला.

"निघण्याआधी जाऊन या," काकू म्हणाल्या.

"आलोय जाऊन," काका म्हणाले आणि पायात चपला सरकवल्या.

तासाभराने परतले. गळ्यातली टेप खिळ्याला अडकवली.

"मास्तर म्हणाले, कंबरेत अगदी बरोबर बसली."