पांढरा रस्सा कुणी केला?

हसायला मोकळीक आहे, कारण फजिती माझीच आहे.

लग्नानंतर सासरची माणसं पहिल्यांदा कोल्हापूरला आमच्या घरी जेवायला आली, तेव्हा पांढरा रस्सा मी केला होता. पंचवीस वर्षं मी हे सांगत आलो. सांगून झालं की सुनंदाकडे बघायचो, आणि ती म्हणायची, "व्हय की, ह्यांनीच केलता. वाट्या पुसून खाल्ल्या सगळ्यांनी."

घरातलीच साक्ष. शंका कशाला येईल?

गेल्या वर्षी सुनंदा गेली. यंदा तिच्या वाढदिवसाला मी तिच्या माहेरच्यांना जेवायला बोलावलं. म्हटलं, तोच रस्सा करू. तिच्यासाठी एवढं तरी आपल्या हातानं व्हावं.

कृती आठवत नव्हती, पण हाताला आठवेल असा भरवसा होता. तुम्हाला सांगतो, हाताला काहीही आठवलं नाही. मटणाच्या उकळत्या पाण्यात नारळाचं दूध ओतलं, गॅस मोठा केला, आणि पाणी एकीकडे, पांढऱ्या गुठळ्या एकीकडे.

तेवढ्यात माझी धाकटी मेहुणी शालन जयसिंगपूरहून आली, सगळ्यांच्या आधी. तिनं पातेल्यात डोकावलं.

"दाजी, हे काय मांडलंय?"

"रस्सा. तेव्हा केला होता तसाच."

"तवा? तवा तुम्ही नारळ खवत हुतासा. त्यो बी अर्धाच. बोट कापलं म्हणून भाईर जाऊन बसलासा. रस्सा ताईनं केलता."

"मग ती 'व्हय' का म्हणायची?"

शालननं पदर खोचला. "मी म्हटलं हुतं तिला, ताई, खरं सांग की एकदा. तर म्हणाली, ऱ्हाऊ दे गं. सांगताना कसं फुलत्यात बघ."

मी दुसरा नारळ घेऊन खाली बसलो. या वेळी आख्खा खवला.

बाकीचं सगळं शालननं केलं, बारीक आचेवर. जेवताना सुनंदाच्या भावानं वाटी तोंडाला लावली आणि थांबला. "कुणी केलाय? ताईच्या हातची चव हाय."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. शालन माझ्याकडे न बघता म्हणाली, "दाजींनीच की."

त्याला आता चार महिने झाले. आणि तुमच्याशी खोटं कशाला बोलू, दूध घालायच्या आधी गॅस मीच बारीक केल्याचं मला स्पष्ट आठवतंय.